मला आवाज दिसतोय

"हर्मिया, आवाज!" हे मी त्या दुपारी चौथ्यांदा म्हणाले आणि हर्मियाची चौकट काळी झाली.

२०२० साल. नाट्यगृहं बंद, तालमीच्या खोल्या बंद. तेरा ते सतरा वयाची अकरा मुलं आणि मी, असे आम्ही व्हिडिओ कॉलवर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवत होतो. संहिता आमची आम्हीच मराठीत करून घेतली होती. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते चार तालीम. मुलांना मी तालमीत पात्रांच्या नावानेच हाक मारते, म्हणून इथेही तीच नावं.

तिसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश चालू होता. जंगलातलं भांडण. पक नावाच्या खोडकर यक्षाने भलत्याच डोळ्यांत प्रेमात पाडणाऱ्या फुलाचा रस पिळल्यामुळे कालपर्यंत हर्मियासाठी जीव टाकणारा लायसँडर आता हेलेनाच्या मागे लागलाय. डिमिट्रियसही तिच्याच मागे. हेलेनाला वाटतंय, सगळे मिळून आपली टर उडवताहेत. हर्मियाला वाटतंय, लहानपणापासूनच्या मैत्रिणीनेच आपला घात केला. चौघं एकमेकांवर तुटून पडतात. रंगमंचावर हा प्रवेश बसवताना मुलांना पेटवावं लागत नाही, आवरावं लागतं. समोरच्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत आपण झडप घालायची, सगळा जोर त्यात असतो.

आणि कॉलवर नेमकं तेच जमत नव्हतं. दोघं एकदम बोलू लागले की कॉल एकाला पुढे करतो आणि दुसऱ्याचा आवाज दाबतो. प्रतिध्वनी आणि मागचा गोंगाट गाळण्यासाठी केलेली ती सोय आहे. बैठकीसाठी उत्तम, भांडणासाठी निरुपयोगी. त्यात आवाज पोचायला लागणारा उशीर. समोरासमोर गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलीसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. संवादाची सगळी लय एवढ्याशा फटीत बसलेली असते, आणि कॉलवरचा उशीर सहज तेवढा किंवा त्याहून जास्त होतो. क्यू, म्हणजे आपल्या वाक्याची खूण असलेले समोरच्याचे शेवटचे शब्द, वेळेवर उचलला तरी तो ऐकणाऱ्याला उशिराच उचललेला वाटतो. मग मुलं थोडी आधी घुसायला बघतात, एकमेकांवर आदळतात, दोघंही थांबतात, दोघंही "तू बोल, तू बोल" म्हणतात. भांडण जागीच विझतं.

या आदळआपटीत दर वेळी बळी जायचा हर्मियाचा. हेलेनाचा आवाज खणखणीत, दोन्ही मुलगे मोठ्याने बोलणारे. हर्मिया तोंड उघडायची, तिच्या चौकटीची कड क्षणभर उजळायची, शब्दाचा पहिला तुकडा यायचा आणि बाकीचं वाक्य गायब. तीन आठवडे मी तिला एकच सूचना देत होते: आवाज मोठा काढ. पोटातून काढ. शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. शेवटची रांग कुठेच नव्हती, तरी जिभेवर बसलेलं तेच वाक्य बाहेर येत होतं.

चौकट काळी झाली तेव्हा मी मनाशी म्हटलं, नेटवर्क गेलं असेल. तिला परत यायला वेळ मिळावा म्हणून भांडण बाजूला ठेवलं आणि पाचव्या अंकातलं कारागिरांचं नाटक घेतलं.

ज्यांना हे नाटक ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अथेन्समधले सहा कारागीर, म्हणजे सुतार, विणकर, शिंपी वगैरे मंडळी, राजाच्या लग्नात करायला म्हणून पिरॅमस आणि थिस्बीची प्रेमकथा बसवतात. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे आणि भिंतीला एक फट. त्या फटीतून प्रेमिक बोलतात. आता रंगमंचावर भिंत आणायची कुठून? तर एका माणसानेच भिंत व्हायचं, दोन बोटं फाकवून धरायची, ती फट. आमच्या सगळ्यात धाकट्या मुलाकडे भिंतीचं काम होतं. तो बोटं इतकी कॅमेऱ्याजवळ आणायचा की चौकटभर नुसती त्वचा आणि मध्ये प्रकाशाची एक चीर दिसायची. पिरॅमस आणि थिस्बीला सुरुवातीला मी "डावीकडे बघ, उजवीकडे बघ" सांगत होते, ते साफ फसलं. चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा. माझ्याकडे शेजारी असलेले दोघं त्यांच्या पडद्यावर एक वरच्या कोपऱ्यात आणि एक खालच्या. शेवटी ठरवलं, फट म्हणजे ज्याचा त्याचा कॅमेरा. त्यालाच डोळा लावायचा. मग आम्हा सगळ्यांच्या पडद्यावर एक प्रचंड डोळा यायचा, पापणीचा केस न् केस दिसेल असा, आणि तो डोळा कुणालातरी शोधत असायचा. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला असा डोळा कधीच दिसला नसता.

तर थिस्बीने सुरुवात केली. हे काम करणारा मुलगा तेरा वर्षांचा, पाठांतर चोख, पण तालीम सुरू झाली की धास्तावलेला. त्याने भिंतीला उद्देशून असलेलं वाक्य म्हटलं आणि पिरॅमसच्या उत्तराची वाट पाहू लागला. पिरॅमस तेवढ्यात गोठला. तोंड उघडं, एक हात हवेत, चित्र जागच्या जागी. थिस्बीला काही सुचेना. पिरॅमस बोलत असेल आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल, असं त्याला वाटलं असावं. त्याने श्वास घेतला आणि आपलं पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं. 'प्रिया, तूच ना तो', 'मीही मरेपर्यंत तुझीच', एकामागून एक, उत्तरांशिवाय, डोळा कॅमेऱ्याला तसाच लावून.

कुणीच काही बोललं नाही. आणि मग कारागिरांची तालीम घेणाऱ्या सुताराचं, पीटर क्विन्सचं, काम करणाऱ्या मुलीने स्वतःला अनम्यूट केलं आणि तिसऱ्या अंकातलं तिचं वाक्य पाचव्या अंकात टाकलं: "अरे, हे अजून नाही बोलायचं! ते पिरॅमसला द्यायचं उत्तर आहे. तू तर सगळी भूमिका एका दमात म्हणतोयस, क्यूसकट!"

बाकीच्या चौकटी हसू लागल्या. थिस्बीसुद्धा. मी मात्र त्या वाक्याशी अडकले. किती वेळा वाचलं होतं ते, आणि दर वेळी एका बावळट नटाची चूक म्हणून पुढे गेले होते. मी तालीम थांबवली आणि मुलांना विचारलं, "क्यूसकट म्हणजे काय?"

मग सांगितलं. शेक्सपिअरच्या काळात नटाला सबंध नाटक हातात मिळत नसे. सगळं हाताने लिहून काढायचं, प्रत्येकासाठी अख्ख्या नाटकाची नक्कल करणं परवडणारं नव्हतं. नटाला मिळायची फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक लांब रेघ आणि समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. तोच क्यू. ते शब्द कोण बोलणार, किती वेळाने बोलणार, त्याच्या आधी काय बोलणार, काही लिहिलेलं नाही. कागद एकाला एक जोडून केलेली लांब गुंडाळी असायची. व्यावसायिक नटाची त्या काळातली अशी एक भूमिका आजही टिकून आहे: एडवर्ड ॲलन या नटाची, रॉबर्ट ग्रीनच्या 'ओर्लँडो फ्युरिओसो' नाटकातली. लंडनच्या डलिच कॉलेजात ती जपून ठेवली आहे. आणि तालमी आमच्यापेक्षाही कमी. म्हणजे १५९५-९६ च्या सुमारास हे नाटक लिहिलं गेलं तेव्हा त्यातली थिस्बीसुद्धा आपल्या पोरासारखीच होती. समोरचा काय बोलणार ते माहीत नाही, शेवटचे दोन शब्द कानावर पडायची वाट बघायची.

"मग त्यांना सारखं ऐकतच राहावं लागत असेल," पक म्हणाली.

इतक्यात पिरॅमस परत आला. आधी आवाज आला, चित्र अजून गोठलेलंच. मध्ये काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता. तो त्याच्या वाक्यावर आला होता आणि त्याने ते म्हटलं: "मला आवाज दिसतोय! आता फटीशी जातो, थिस्बीचा चेहरा ऐकू येतो का बघतो!"

पुन्हा हसू. पिरॅमसने गोंधळून विचारलं, "ताई, हे आपल्या भाषांतरात उलटंपालटं झालंय ना? तसंच ठेवायचं का?" मी म्हटलं, नाही रे, शेक्सपिअरनेच तसं लिहिलंय. पिरॅमसचं काम करणारा हा विणकर घाईत डोळ्यांचं काम कानांना देतो आणि कानांचं डोळ्यांना.

"पण इथे दिसतोच की आवाज," थिस्बी म्हणाला. "कड उजळते ना चौकटीची. हर्मियाताईचा तर नुसता दिसतोच. ऐकू कुठे येतो?"

तो खोडी काढत नव्हता. त्याने जे पाहिलं होतं तेच सांगत होता. मी काळ्या चौकटीकडे पाहिलं. हर्मिया गेलेली नव्हती. तिचं नाव तिथेच होतं, माइकवर लाल रेघ. एवढा वेळ ती ऐकत होती. आणि मग एक ओळ आली, फक्त मला दिसेल अशी पाठवलेली: "ताई, बाळ झोपलंय. मोठ्याने बोलले तर उठतं."

दोन ते चार. घरातलं बाळ झोपायची वेळ, आणि ती त्याच खोलीत बसून तालीम करत होती. तीन आठवडे मी तिला पोटातून आवाज काढायला सांगत होते आणि तीन आठवडे ती दबक्या आवाजात, गळ्याच्या शिरा ताणून, भांडायचा प्रयत्न करत होती. माझ्या डोक्यात तिच्या नावापुढे काय लिहिलेलं होतं ते मला आठवलं. बुजरी. मेहनत कमी. एकदाही मी तिला विचारलं नव्हतं की तू कुठे बसली आहेस.

मी तिला उत्तर लिहिलं: "माझं चुकलं. मोठ्याने नकोच. कुजबुजत भांडायचं. येतेस?"

कॅमेरा चालू झाला.

पुढचा पाऊण तास मला जसाच्या तसा आठवतो. चौघांना सांगितलं, संहिता मिटवा. भराभर प्रत्येकाला त्याची वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द एवढंच वेगळं करून पाठवलं. झडप घालायची नाही. क्यूचा शेवटचा शब्द कानात पडला की श्वास घ्यायचा, मग बोलायचं. मधला जो वेळ आहे तो रागाने भरायचा. बोलणारा कुणी एक असेल, पण आपले चारही चेहरे अख्खा वेळ समोरून दिसताहेत. रंगमंचावर एकाची पाठ, एकाचा खांदा. इथे कुणालाच लपायला जागा नाही.

आणि आणखी एक अडचण होती, ती मुलांनीच सोडवली. या भांडणाचा निम्मा दारूगोळा उंचीवर आहे. हर्मिया बुटकी, हेलेना उंच, आणि बोलणी त्यावरूनच चालतात. चौकटीत सगळेच सारखे, नुसते चेहरे. हेलेनाने फोन जमिनीवर ठेवला आणि त्यावर वाकून बघितलं. एकदम ताडासारखी दिसायला लागली. हर्मियाने काही न बोलता आपला फोन वरच्या फळीवर ठेवला. आता ती मान वर करून बघत होती, लहानशी, खोल विहिरीच्या तळाशी उभी असल्यासारखी.

"पुन्हा पहिल्यापासून," मी म्हटलं आणि स्वतःला म्यूट केलं.

हेलेना तिच्या सवयीने मोठ्यानेच बोलली. लायसँडर, डिमिट्रियस, पुन्हा हेलेना. प्रत्येक वाक्यानंतर ती छोटीशी फट पडत होती आणि पहिल्यांदाच ती रिकामी वाटली नाही. हर्मिया खालून बघत होती. तिचा क्यू आला. तिने श्वास घेतला. मग ती वर चढली, खुर्चीवर की पलंगावर कोण जाणे. तिचा चेहरा फळीच्या दिशेने मोठा मोठा होत आला, नुसता चेहरा, मग नुसते डोळे आणि ओठ. पूर्ण कुजबुजत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "इतकीही ठेंगणी नाही मी, की माझी नखं तुझ्या डोळ्यांपर्यंत पोचणार नाहीत." आणि बोटं कॅमेऱ्यावर आली.

तिघंही मागे सरकले. हेलेनाच्या हातून तर फोनच आडवा झाला. त्या एका ओळीतला एकही शब्द गळला नव्हता, कारण त्या क्षणी दुसरं कुणी बोलत नव्हतं. बोलायची कुणाची छातीच झाली नाही.

थिस्बीने म्यूटवरच टाळ्या वाजवल्या. नुसते हात दिसत होते.

त्या संध्याकाळी मी अकरा घरी फोन केले. तालमीबद्दल नाही, फक्त कुठे बसता, कोण असतं आसपास, केव्हा मोकळं असतं. एक मुलगा जिन्यात बसत होता. पक आईचा फोन वापरायची, तो साडेतीनला परत द्यावा लागायचा. वेळापत्रक नव्याने केलं. भांडणाचा प्रवेश सकाळी साडेदहाला गेला, हर्मियाकडचं बाळ तेव्हा जागं असायचं.

पहिल्या सकाळच्या तालमीला ती पाच मिनिटं आधी आली. आता मोकळ्या आवाजात बोलता येत होतं, आणि आवाज चांगला होता तिचा, भरीव.

"ताई," तिने विचारलं, "बाकीचं मोठ्याने करते. पण नखांचं वाक्य कुजबुजतच ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.