कप मोजताना

2018 ची गोष्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिनिआपोलिसला आलेली, नुकतंच ईएडी, म्हणजे काम करायचं परमिट, हातात पडलेलं, घरी बसून वैतागण्यापेक्षा बरं म्हणून यू.एस. बँक स्टेडियममध्ये खाण्याच्या स्टॉलवर मॅचच्या दिवसांपुरतं काम धरलं होतं. मिनेसोटा वायकिंग्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचं ग्राउंड ते. पण माझी पाठ ग्राउंडकडे, तोंड गिऱ्हाइकाकडे, त्यामुळे सीझनभर तिथे असून मॅच बघितली ती समोरच्या टीव्हीवर आणि तो टीव्हीही काही सेकंद मागे चालायचा. आत आरडाओरडा झाला की काय झालं ते मग टीव्हीवर यायचं.

14 जानेवारी, रविवार. प्लेऑफ, समोर न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स. हाफटाइमला आपले 17-0 पुढे, नाचोच्या चीजसाठी मारामारी. नंतर सेंट्स असे काही परत आले की 25 सेकंद उरली तेव्हा स्कोअर 24-23, त्यांच्या बाजूने. जांभळ्या जॅकेटमधले एक आजोबा नातवाला घेऊन निघाले, जाताना मला म्हणाले, आमचं हे नेहमीचंच. काय बोलणार, चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, हरलेली टीम.

मॅच संपत आली की उरलेले कप मोजायचे असतात, ड्रिंकचा हिशोब कपांवर. मी मोजत होते, 112 वर होते आणि आतून जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता, काउंटर थरथरला अक्षरशः. वर बघितलं तर टीव्हीवर प्लेयर अजून लाइनीत उभे, बॉलसुद्धा हलला नव्हता! म्हणजे जिंकलो हे मला आधी कळलं, कसं जिंकलो ते नंतर.

10 सेकंद उरलेली, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही. आमच्या केस कीनमने लांब पास टाकला स्टेफॉन डिग्सला. हा वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला उभं राहून ठरलेल्या रस्त्याने पळायचं आणि आला तर पास झेलायचा. खरं तर त्याने झेलून लगेच साइडलाइनबाहेर पडायचं, घड्याळ थांबवायचं आणि मग किक मारून तीन पॉइंट घ्यायचे, असं साधं गणित. त्याने उडी मारून झेलला, सेंट्सचा मार्कस विल्यम्स खाली वाकून असा घुसला की डिग्स त्याच्या हातालाच लागला नाही, उलट त्याने स्वतःच्याच माणसाला पाडलं. डिग्स खाली आला, तोल गेला, एक हात जमिनीला टेकला, आणि वर बघतो तर पुढे कोणीच नाही. मग पळाला. 61 यार्डांचा टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा पॉइंट, घड्याळात शून्य, 29-24. बिचारा विल्यम्स पहिल्याच सीझनचा पोरगा, मला शारजाचा चेतन शर्मा आठवला.

रात्री नवऱ्याने सगळं पुराण सांगितलं. डिग्स 14 वर्षांचा असताना वडील गेले, 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पाचव्या राउंडला 146 वा नंबर, म्हणजे 145 जणांना त्याच्याआधी घेतलं. त्या दिवशी त्याच्या हातात सहा कॅच, 137 यार्ड. बाकीचा सगळा वेळ नुसतं पळणंच, बॉल दुसरीकडे. हे ऐकून मला उगाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, आम्हीपण दिवसभर उभेच.

पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियात 38-7 असा मार खाल्ला. सुपर बोल त्या वर्षी आमच्याच स्टेडियमवर होता, 4 फेब्रुवारीला, आणि खेळले दुसरेच. डिग्सला 2020 मध्ये बफेलोच्या टीमला ट्रेड केलं, म्हणजे अदलाबदलीत दिलं, तिथे पहिल्याच सीझनला 127 कॅच, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या ट्रेडमध्ये मिळालेल्या ड्राफ्टच्या नंबरावर आमच्याकडे जस्टिन जेफरसन आला, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

तर कप. आत टचडाउननंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटची फॉर्मॅलिटी करायला सेंट्सच्या लोकांना परत बोलावत होते, बाहेर अनोळखी माणसं माझ्या काउंटरवरून हात घालून हाय-फाइव्ह देत होती, आजोबा मात्र दिसले नाहीत, गेटबाहेर पडलेले असणार. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा. सुपरवायझर बाईंनी कागद बघितला, डोळे पुसले आणि मोठा आकडा लिहून सही केली.