भात्याचा हात पियानोवर

अंबाजोगाईच्या आमच्या भजनी मंडळात मी वीस वर्षं पेटी वाजवतो, म्हणून दिग्दर्शक मित्राने गृहीतच धरलं की पियानो मला येतोच. "पट्ट्या त्याच की रे, काळ्या-पांढऱ्या!" लघुपटात मी मिशनच्या शाळेतला निवृत्त गायन मास्तर. मुलीशी बोलता बोलता मास्तर पियानो वाजवतो, असा एक प्रसंग. वाजवायचं खरंखुरं, कॅमेऱ्यापुढे, आणि धूनही माझीच. मित्राने दाखले दिले: १९९० च्या 'प्रेटी वुमन'मध्ये रिचर्ड गेअरने हॉटेलातल्या पियानोवर स्वतःची धून वाजवलीय, रायन गॉसलिंग 'ला ला लँड'साठी तीनेक महिने शिकला. मला मिळाले ४० दिवस आणि संभाजीनगरहून भाड्याने आणलेला कीबोर्ड.

पेटीत हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे येते आणि सूर तिथूनच विझायला लागतो. मी सवयीने एखाद्या सुरावर विसावायचो, तर खाली काहीच उरलेलं नसायचं. डावा हात तर पार बावचळला. जरा मोकळा झाला की आपोआप हवा भरायला, पेटीचा भाता असतो त्या जागी जायचा. बायको म्हणायची, "काय शोधायलात तिथं?" शेवटी भूप रागाच्या पाच सुरांत लांब सूर टाळून छोटीशी धून बसवली. डाव्या हाताला फक्त सा आणि प.

शूटिंग जालन्यातल्या एका जुन्या बंगल्यात, ऐन मे महिन्यात. पुण्याहून आलेला ट्यूनर दोनशेच्या वर तारा दिवसभर एकेक करून पिळत बसला. संध्याकाळी आमच्या पोरांनी कूलर पियानोच्या तोंडावर लावला, तसा तो भडकला. "ओलावा लाकडात मुरला की आतली फळी फुगते, तारा ताणतात. सकाळी सूर चढलेला असेल!" कूलर फिरवला. शॉटला तर तो बंदच, पंखाही बंद, कारण आवाज जागेवरच घ्यायचा होता. नाकावरचा घाम पट्टीवर टपकत होता.

खरी गोम पहिल्या टेकनंतर कळली. आवाज घेणारी मुलगी म्हणाली, "काका, पियानोत तुमचं बोलणं बुडालंय. नंतर वेगळं काढता येणार नाही." तिनेच सोलापुरी चादरीची घडी हातोड्या आणि तारांच्या मधे सरकवली. पियानो मुका झाला, नुसती ठकठक. संवाद तसे घ्यायचे आणि मग सगळ्यांना गप्प बसवून पियानो वेगळा घ्यायचा, असं ठरलं. म्हणजे लांबचा शॉट, हातांचा, मुलीच्या चेहऱ्याचा आणि शेवटी नुसता पियानो, सगळीकडे लय तीच हवी. "उशीर केलास गं" हे वाक्यही दरवेळी त्याच गंधारावर यायला हवं. नाहीतर दिसणार एक सूर, ऐकू येणार दुसरा. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात टिकटिक लावली होती, तरी मी पुढे पळायचो. भजनात लय चढवत न्यायची सवय, धरून ठेवायची कुठून येणार?

मधेच मला गोविंदराव टेंबे आठवले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये ते हरिश्चंद्र होते, संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन आलेलं नव्हतं, गाणं कॅमेऱ्यापुढेच म्हणायचं. पेटीवाला माणूस, कानात टिकटिक नाही! या विचारात माझा एक टेक वाया गेला. आणखी एक शेजारच्या बोअरच्या मोटारीने खाल्ला.

नवव्या टेकला वाक्य संपलं आणि माझा डावा हात सरळ भात्याकडे गेला. मी माफी मागणार, एवढ्यात मुलीचं काम करणारी पोरगी हसून म्हणाली, "बाबा, याला भाता नसतो." संवादात हे नव्हतं. मी उजव्या हाताने तसाच वाजवत राहिलो, दोन आवर्तनांनी डावा परत आणला.

मित्राने तोच टेक ठेवला. रात्री चादर काढून नुसता पियानो घेतला, तेव्हा तो डावा हात मात्रा मोजून रिकामा ठेवावा लागला. ते जमायला आणखी सहा टेक गेले.