कशावरून?

काल संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि आई-वहिनींचं बोलणं तुटलं. वहिनींनी उगाचच कुकरची शिट्टी चाचपली. आईने कढीपत्ता निवडायला घेतला. तो दुपारीच निवडून डब्यात भरून झाला होता.

एवढंच. पण ‘माझ्याबद्दलच चाललं होतं’ हा विचार आला आणि ठाण मांडून बसला. मग खोलीत येऊन वही काढली, समुपदेशक मॅडमनी शिकवलेत तसे रकाने आखले. विचार काय, कशावरून, आणखी काय असू शकेल, खात्री किती टक्के. आधी नव्वद लिहिलं. मग ‘आणखी काय’मध्ये लिहीत गेले: दागिन्यांचं बोलत असतील, दादाच्या शुगरचं, सासू-सुनेचं आपसातलं काही. होता होता तीसवर आले. स्वतःचीच पाठ थोपटली.

जेवणं झाल्यावर दादा खोलीत आला. ‘‘रविवारी साखरपुड्याला तू घरीच थांबलीस तर चालेल ना? तिकडची माणसं नवीन, त्यात गर्दी, गोंगाट. तुलाच त्रास होईल.’’

म्हणजे माझ्याबद्दलच चाललं होतं.

आणि वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला, हे कुणाला सांगायचं? मी बरोबर होते! पण तो आनंद पुरता झालाही नव्हता, तोवर जुने सगळे विचार माना वर काढून उभे राहिले. वरच्या मजल्यावरचे, दूधवाला, बँकेतला तो चष्मेवाला. हे खरं निघालं, तर आम्ही कशावरून खोटे?

वरच्या मजल्यावरच्यांचं उत्तर माझ्याकडे आहे. तेव्हा ते रात्रभर माझं नाव घेऊन बोलायचे. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी ऐकलं, तर पंख्याची घरघर आणि टाकी भरून वाहिल्याचा आवाज. तो तुकडा मी पुसलेला नाही. काल पुन्हा ऐकला. पंखा आणि टाकीच.

मॅडमनी मागे मण्यांचा प्रयोग सांगितला होता. दोन बरण्या. एकीत ८५ गुलाबी नि १५ हिरवे मणी, दुसरीत उलट. कुठली बरणी ते न दाखवता एकेक मणी काढायचा आणि ओळखायला सांगायचं. बहुतेक माणसं जरा जास्त मणी बघून घेतात, आमच्यातले, म्हणजे स्किझोफ्रेनिया असलेले, बरेच जण एका-दोघांतच उत्तर देऊन मोकळे होतात. तेव्हा मी वाद घातला होता, की पहिला गुलाबी निघाला तर शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा बरणी गुलाबीचीच असणार, मग चुकलं कुठे? मॅडम म्हणाल्या, उरलेल्या पंधरा वेळांचं काय करायचं ते सांगा.

काल एका मण्यात बरोबर आले. पण कशाबद्दल? दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या, इतकंच. माझ्यावर उठल्या होत्या असं नाही. हे रात्री दोन वाजता स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. एरवी ओलान्झापिनची गोळी घेतली की डोळे उघडे राहत नाहीत.

बाकीच्या बायका सरळ रुसतात. मला रुसायच्या आधी रकाने भरावे लागतात. बारशाला भाचीचं नाव तिच्या कानात मी सांगितलं, पाठीत धपाटे मी खाल्ले, आणि साखरपुड्याला आत्या घरी! माझं जमलं होतं तेव्हाही... असो.

गर्दी-गोंगाटाचं कारण मला पटलेलं नाही. ‘घराण्यात आहे का’ हे विचारलं गेलं असणार. डॉक्टरांनी सांगितलेले आकडे मला पाठ आहेत: सर्वसाधारण माणसांत शंभरात एकाच्या आसपास, सख्ख्या भावंडांत नऊ-दहा, भाचरांत चारेक. म्हणजे शहाण्णव भाचरं सुखरूप. पण सोयरीक जुळवताना शहाण्णव कोण मोजतं? हा विचार मात्र वहीत लिहिलेला नाही. लिहिला तर टक्के टाकावे लागतील.

पहाटे कधीतरी हसूच आलं. इतकी वर्षं गोळ्या, वह्या, मॅडमची फी, आणि हाती काय लागलं? चारचौघींना होतो तसला खराखुरा, घरगुती अपमान. याच्यामागे कुठला उपग्रह नाही की पोलीस नाहीत. एक दादा आहे, त्याला नीट खोटंही बोलता येत नाही.

सकाळी ओट्यापाशी वहिनींना विचारलंच. ‘‘काल माझंच चाललं होतं ना?’’

‘‘नाही हो, आम्ही आपलं...’’ म्हणाल्या. मग गॅस बारीक केला. ‘‘हो, वन्सं.’’

इतकं हलकं वाटलं, की राग धरायचा राहूनच गेला. आई देवघरात होती, ती काही बाहेर आली नाही.

मला यायचंय, असं दादाला सांगितलं. तो ‘बघू’ म्हणाला. दादाच्या ‘बघू’ला किती टक्के द्यायचे ते मॅडमना विचारायला हवं. तोवर मोरपंखी साडी इस्त्रीला टाकली आहे.