हाल्ट परेडमध्ये सापडलेलं चाक

मी ईएमईचा, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, व्हेइकल मेकॅनिक. रणगाडा रेजिमेंटसोबत असताना नव्या ड्रायव्हरांना मेंटेनन्स शिकवायचं कामही माझ्याकडे असे. ही गोष्ट राजस्थानातल्या महाजन रेंज या लष्करी सराव-मैदानावरची.

आमचे रणगाडे टी-७२. ४१ टन वजन, ७८० हॉर्सपॉवरचं इंजिन. तोफेत गोळा भरायचं काम यंत्रच करतं, त्यामुळे क्रू तिघांचाच: कमांडर, गनर, ड्रायव्हर. लढाईत ही सोयच, पण मेंटेनन्सला दोन हात कमी पडतात आणि दमलेला क्रू नेमकी हाल्ट परेडच, म्हणजे वाटेत थांबल्यावर करायची रणगाड्याची तपासणीच, उरकून टाकतो.

त्या दुपारी रेतीतून लांबची मजल मारून स्क्वाड्रन, म्हणजे आमची रणगाड्यांची तुकडी, थांबलं. अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमधून नुकताच आलेला एक सवार, म्हणजे रणगाडा दलातला शिपाई, आपल्या सोलापूरकडचा, एकेका चाकाच्या हबला, मधल्या भागाला, हात लावत चालला होता. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तसंच शिकवलेलं असतं. डावीकडच्या चौथ्या चाकापाशी त्याने हात झटकन मागे घेतला.

"उस्ताद, हे चाक जास्त तापलंय."

कमांडर दफादार म्हणाले, ऊन त्याच बाजूला आहे, तापणारच. त्यांचंही चूक नव्हतं, उन्हाकडची बाजू तापतेच. म्हणून तर उन्हातलं चाक सावलीतल्या चाकाशी ताडून बघायचं नसतं, त्याच रांगेतल्या शेजारच्या चाकाशी बघायचं. मी तिसऱ्याला हात लावला, पाचव्याला लावला. दोन्ही कोमट. चौथ्यावर हात ठेववेना. आत वाकून पाहिलं तर चाकाच्या मागच्या बाजूला वंगणाचा ओघळ आणि त्यावर रेतीचा थर.

पुढे निघायची वेळ झाली होती. मी रणगाडा थांबवायला सांगितलं आणि दफादारांनी तसं वायरलेसवर कळवलं. रोखठोक माणूस, एकदा पटल्यावर त्यांनी पुन्हा हुज्जत घातली नाही.

ट्रॅक सैल केला, चाक उचलून काढलं. वंगण आत धरून ठेवणाऱ्या सीलची कड फाटली होती. वंगणात रेती मिसळून काळा चिखल झालेला आणि बेअरिंगचे रोलर उष्णतेने निळसर पडलेले. अजून थोडं अंतर गेलो असतो तर बेअरिंग जाम झालं असतं, मग चाक आणि बहुधा ट्रॅकही गेला असता. टेकाडाच्या उतारावर ट्रॅक सुटलेला रणगाडा सरळ करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

बेअरिंग आणि सील बदलेपर्यंत अंधार पडला. तोवर स्क्वाड्रन कमांडरांच्या हुकुमाने बाकीच्या रणगाड्यांचे हब तपासले गेले आणि आणखी एका ठिकाणी तसाच ओघळ सापडला. लास्ट परेडला, म्हणजे दिवसअखेरच्या तपासणीला, त्या पोराने इंजिनाची हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरच्या कॅसेटही उतरवल्या, डिझेलमध्ये धुतल्या. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रेती इंजिनात गेली की पिस्टन-रिंगा किती लवकर झिजतात, हे त्याला पक्कं माहीत होतं.

ते निळं पडलेलं बेअरिंग मी मागून घेतलं. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला हाल्ट परेड शिकवताना ते आधी हातात द्यायचो, बोटांनी फिरवून बघा म्हणायचो, आणि मगच फळ्याकडे वळायचो.