राजगड, आठवडा सहावा: गड तिथेच, फोल्डर मात्र सापडले

या आठवड्यात गडावर एकही दगड चढला नाही. सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) पाडायला बसलो होतो, आणि तीन संध्याकाळी ब्लेंडर (ज्यात गड रचतोय तो थ्रीडी प्रोग्रॅम) कुठे कुठे बिऱ्हाड करून बसलाय हे शोधण्यात गेल्या. (नव्यांसाठी: अंगण गेलं, माती गेली, म्हणून दिवाळीचा किल्ला आता लॅपटॉपवर.)

सगळं काम ब्लेंडरच्या ३.६ आवृत्तीवर चाललंय. डोंगराचा कच्चा उठाव ए.एन.टी. लँडस्केप या अ‍ॅडऑनने (ब्लेंडरला जोडायच्या पूरक तुकड्याने) काढलेला. मध्ये हौसेने ४.२ पण उतरवला. रविवारी फाइलवर डबल-क्लिक केलं, अ‍ॅड, मेश, आणि... लँडस्केप गायब! अर्धा तास अ‍ॅडऑनला शिव्या घातल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात नजर गेली. ४.२ उघडलेला. त्या आवृत्तीपासून बरेच अ‍ॅडऑन सोबत येत नाहीत, एक्स्टेन्शन्समधून वेगळे घ्यावे लागतात. हा त्यातलाच एक.

नशीब, सेव्ह केलं नव्हतं. ४.२ ची फाइल ३.६ मध्ये उघडते, पण जुन्याला जे कळत नाही ते तो गाळतो.

मग खोदकाम सुरू. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ‘ब्लेंडर फाउंडेशन’ फोल्डर, त्यात ३.६ आणि ४.२ ची घरं वेगवेगळी. ३.६.२ वर ३.६.५ टाकला तर तो त्याच घरात येतो, शेजारी नाही. इथपर्यंत सरळ आहे. पण संसार तिथे नसतोच! तुमचे कीबोर्ड शॉर्टकट, थीम, बाहेरून टाकलेले अ‍ॅडऑन, सगळं अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये, पुन्हा आवृत्तीवार. हे फोल्डर लपवलेलं असतं. विंडोज आणि आर दाबून दोन टक्केचिन्हांमध्ये अ‍ॅपडेटा लिहा, थेट पोचाल.

म्हणूनच मागे मी ३.६ काढून पुन्हा टाकला, तरी बिघडलेली सेटिंग्ज जशीच्या तशी परत आली होती. काढलं होतं घर, सामान तसंच पडून होतं.

आणि खरी गंमत: डी ड्राइव्हवर झिपमधून सोडलेला माझा दुसरा ३.६ होता. मला वाटायचं तो अगदी वेगळा, त्यात काय हवे ते प्रयोग करा. कसला वेगळा! तोही रोमिंगमधलंच ३.६ चं फोल्डर वापरत होता. एकात थीम बदलली की दुसऱ्यातही. त्याला खरंच वेगळं काढायचं तर ३.६ मध्ये एक्झेच्या (ज्या फाइलने ब्लेंडर सुरू होतो तिच्या) शेजारच्या ‘३.६’ फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाचं रिकामं फोल्डर करायचं. ४.२ मध्ये एक्झेशेजारीच ‘पोर्टेबल’ नावाचं केलं की झालं. दोन्ही करून पाहिलं, चालतंय.

डबल-क्लिकचा मान परत ३.६ ला दिला. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली बटण आहे. डेस्कटॉपवरच्या दोन्ही शॉर्टकटना ‘गड’ आणि ‘प्रयोग’ अशी नावं दिली, कारण चिन्ह एकच आणि माझी नजर चाळिशीची.

नेढं अजून पाडलेलं नाही. बूलियनने (एका आकारातून दुसरा वजा करून) पाडावं तर कडेची जाळी, म्हणजे मेश, फाटते, हाताने कोरावं तर आठवडा जाईल. कुणी कातळात आरपार भोक पाडलंय का?