मोडीचा वर्षाचा लेखाजोखा: रोज सहा ओळी

मोडी लिपी शिकणाऱ्यांसाठी ही नोंद. गेल्या ज्येष्ठात वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळालं आणि नेहमीचा पेच उभा राहिला. बाराखडी घडाघडा येते, पण खरा कागद पुढ्यात आला की पहिल्या ओळीतच गाडी अडते. वर्गात गिरवलेलं अक्षर सुटं असतं. कागदावर मात्र शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. काना लागला की काही अक्षरांचा चेहरा बदलतो, आणि ‘र’ तर शेजारी कोण आहे ते बघून रूप घेतो. हे एकदा समजून घेऊन भागत नाही, सवयीचंच व्हावं लागतं. म्हणून वर्षभर एकच नियम ठेवला: सकाळी चहाच्या आधी जुन्या कागदाच्या सहा ओळी उतरवायच्या.

सहाच. रविवारी हुरूप आला म्हणून तीस ओळी लिहायच्या नाहीत, आणि लग्नकार्यात खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी बारा लिहून भरपाईही करायची नाही. मागची बाकी ओढत बसलं की तिचं ओझं होतं आणि वही बंद पडते. माझ्याबरोबर वर्गात असलेल्या काहींनी ‘सुट्टीच्या दिवशी निवांत बसून’ वाचायचं ठरवलं होतं. ते कागद अजून त्यांच्या फोनमध्येच आहेत.

नियम टिकला तो एका बारीक युक्तीमुळे. मोडीत शिरोरेषा आधी मारतात, पानभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. ते रेघा मारण्याचं काम मी रात्री झोपण्याआधी उरकते. सकाळी पान तयार, बोरूची लेखणी तयार, कुठल्या कागदाच्या कुठल्या ओळीपासून सुरू करायचं तिथे पेन्सिलीची खूण. बसायचं की नाही हा विचार करायला वावच उरत नाही. आई म्हणते, “रात्री हरभरे भिजत घालावेत तशी रेघा मारून ठेवतेस.”

नुसतं वाचायचं सोडून उतरवत का बसायचं, हा प्रश्न वर्गातही निघाला होता. माझं उत्तर आता पक्कं झालंय. पेशवेकालीन कागद बोरूने लिहिलेला असतो. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं, त्यामुळे रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, आणि हात कुठून आला नि कुठे गेला ते त्या जाडीवरून कळतं. आपण तसाच बोरू धरून तेच वळण गिरवलं की काही महिन्यांनी शाई फुटलेलं, अर्धवट पुसलेलं अक्षरही ओळखू येऊ लागतं, कारण तिथे हात कसा फिरला असेल हे आपल्या हाताला ठाऊक असतं. बॉलपेनने गिरवणाऱ्यांना हे मिळत नाही असं माझं मत आहे. वाद घालायला मोकळे आहात.

आता या वर्षातली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: अडलेल्यांची वही.

सहा ओळींत जो शब्द लागत नाही, त्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. तो जसा दिसतो तसा दुसऱ्या वहीत उतरवायचा, बाजूला कागदाची ओळख, मागचा-पुढचा लागलेला शब्द आणि तारीख. कोणाला विचारायचं नाही, कोश उघडायचा नाही. महिन्याच्या अमावास्येला ती वही पहिल्यापासून वाचायची. पहिले दोन-तीन महिने काहीच हाती लागलं नाही. मग दिवाळीच्या सुमाराला एकेक शब्द आपणहून सुटायला लागले. बदललं इतकंच होतं की मधल्या काळात तोच शब्द दुसऱ्या कारकुनाच्या स्वच्छ अक्षरात येऊन गेला होता.

संक्षेपांचंही असंच. ‘ता।’ हे एक उदाहरण घ्या. गावाच्या नावाआधी आला तर तो बहुधा ‘तर्फ’ (गावांचा गट). पत्राच्या सुरुवातीला ‘येथील कुशल ता। छ’ असं आलं तर तो ‘तागायत’ (पर्यंत), आणि पुढचा ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख येणार. यादी पाठ करून हे येत नाही, मी करून पाहिली. रोज एक पत्र हाताखालून गेलं की मायन्याचा साचा अंगवळणी पडतो: अमुक गोसावी यांसी, नमस्कार विनंती उपरी, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे, विशेष. त्या ‘विशेष’पर्यंत हल्ली डोळा घसरत जातो, अक्षर न अक्षर लावावं लागत नाही. खरा मजकूर त्याच्यापुढे असतो, आणि सगळी ताकद तिथे वापरता येते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’ दिसलं की पत्र संपलं.

सनांसाठी वेगळा वेळ काढला नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या रोज एक शुहूर सन (जुन्या कागदांवरची वर्षगणना) सोडवायचा, एवढंच. आकडे अरबी नावांनी येतात आणि उलटे येतात: आधी एकं, मग दहं, मग शंभर, मग हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच सनात बसते. गोंधळ होतो तो जोड्यांमध्ये. सीत म्हणजे सहा नि सितैन साठ, सलास तीन नि सलासीन तीस, समान आठ नि समानीन ऐंशी. सितैनच्या जागी सबैन वाचलं तर कागद दहा वर्षं पुढे जातो, आणि माधवरावांचा कागद नारायणरावांनंतरचा ठरू शकतो. आता यातले बहुतेक सन कागद-पेन्सिलीशिवाय सुटतात. रकमांची पाव-अर्ध्याची दांडी (चार आण्यांची एक, आठची दोन, बाराची तीन) त्याच प्रवासात पाठ झाली. ती सोपी आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

रात्रीची एक सवय मात्र मध्यावर येऊन लागली, आणि ती आधीच लावायला हवी असं नव्यांना आवर्जून सांगेन: छापील बालबोध (देवनागरी) पत्रं वाचणं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड छापून ठेवले, रियासतकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० नंतर पंचेचाळीस भागांत निघाले. त्यातलं रोज एक पत्र, मोठ्याने. कारण मोडी अडते तेव्हा निम्म्या वेळा अक्षर अडलेलं नसतं, भाषा अडलेली असते. मशारनिल्हे, बीतपशील, मोकासा, सरंजाम हे शब्द कानावरूनच गेले नसतील तर अक्षरं बरोबर लावूनही आपण ती पुसून दुसरं काहीतरी बसवायला जातो. कानाला शब्द माहीत झाला की डोळ्याला तीन अक्षरं पुरतात.

काय जमत नाही तेही लिहिते. आमच्या घरचे कागद, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कर्जरोखे आणि एक खरेदीखत, अजून सलग लागत नाहीत. टाकाने (शाईत बुडवायच्या निबच्या लेखणीने) लिहिलेलं हे आंग्लकालीन वळण घाईचं आहे, जाड-बारीक रेघेचा आधार त्यात उरत नाही. पेशवेकालीन गोल, तिरकं, नेटकं अक्षर वाचणाऱ्याला त्यात परक्या गावात आल्यासारखं होतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना मागणी आली आहे, आणि तिथे कामाला लागतं ते बरंचसं हेच उशिराचं वळण: कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी महसुली दफ्तरं. वर्गात आपण सगळ्यात सुंदर अक्षर शिकतो आणि बाहेर सगळ्यात घाईचं वाचायची वेळ येते. तरीही सुरुवात पेशवेकालीनानेच करावी असं मला वाटतं. उलट क्रमाने गेलेले दोघे ओळखीत आहेत. त्यांना नोंदी फटाफट लागतात, पण लांब पत्र दिलं की ते नावं नि आकडे वेचून थांबतात.

येत्या पावसाळ्यासाठी बदल एवढाच: सहा ओळींतल्या चार पूर्वीच्याच वळणाच्या, दोन घरच्या रोख्यांतल्या. त्या दोन बोरूने न लिहिता टाकाने लिहायच्या. निब आणून ठेवली आहे, कागदावर शाई जरा फुटते, म्हणून वहीही बदलावी लागेल. टाकाला कोणता कागद चालतो हे कुणी वापरून पाहिलं असेल तर कळवा. आणि रोख्याच्या तिसऱ्या ओळीत ‘सदरहू’नंतर जे काही आहे ते मला अजून लागलेलं नाही, पण ते इतक्यात सांगू नका. वहीत आहे, अमावास्येला बघते.