गाविलगडावर, मास्तरशिवाय

डिसेंबरात आम्ही पुन्हा चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जाऊन आलो. आम्ही तिघं जुने, आणि मास्तरचा चौदा वर्षांचा मुलगा. मास्तर म्हणजे आमचा मित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा. सहा वर्षांपूर्वी उत्तराखंडातल्या एका ट्रेकवर त्याचा जीव गेला.

आम्ही अंजनगाव सुर्जीच्या बाजूचे. हवा स्वच्छ असली की शेतातून उत्तरेला या डोंगराची निळी रेघ दिसते. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आमच्या सुर्जी-अंजनगावात. मास्तर हे पोरांना वर्गात सांगायचा नाही, गडावर नेऊन सांगायचा. म्हणून आम्हीही डिसेंबरातच जातो.

पहाटे साडेपाचला निघा. परतवाड्यात चहा-नाश्ता उरकून घ्या आणि पाणी तिथूनच भरून न्या, माणशी तीन लिटर. पुढे घाट वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी समोर बसावं. चिखलदऱ्याहून गड जवळच आहे, पण आतला पसारा मोठा आहे. घाई केली तरी चार-पाच तास लागतात. आत खायला काही मिळत नाही. आम्ही ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदे बांधून नेले होते.

दिल्ली दरवाज्याशी थांबाच. वर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, चोचीत आणि पंजात हत्ती धरलेला. मास्तर इथं मान वर करून पोरांना हत्ती मोजायला लावायचा, आणि दोघांचा आकडा जुळेपर्यंत कोणाला पुढं जाऊ द्यायचा नाही. या वेळी मुलगा बराच वेळ मोजत राहिला. आम्ही कोणी बोललो नाही.

मोठ्या मशिदीकडं जाताना गवत कंबरेएवढं होतं. हातात काठी ठेवा, बूट घोट्याच्या वर येणारे घाला. कमानींना आग्या मोहोळ असतं. त्याच्या खाली धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. बुरुजाच्या कडेला दगड सुटे झालेत, फोटोसाठी तिथं पाठ करून उभं राहू नका. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. आणि मोहफुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळ-संध्याकाळ अस्वलं फिरतात. हा मेळघाट आहे, अंधार पडायच्या आत बाहेर या. रेंजचा भरवसा नाही, म्हणून किती वाजता परतणार ते घरी सांगून निघा.

आता जे सांगायला हे लिहायला बसलो ते सांगतो. आम्ही वर्षातून चार वेळा गाविलगड चढायचो आणि त्याच जोरावर हिमालयात गेलो. गडाची उंची सुमारे ११०० मीटर. इथं पाय तयार होतात, छाती तयार होते, पण विरळ हवेची सवय इथं होऊच शकत नाही. तिथं आमच्या मुक्कामाची उंची चार हजारांच्या आसपास होती, आणि आयोजकांनी एक दिवस वाचवायला मधला मुक्काम गाळला होता. आम्हीही खूश झालो होतो, सुटी वाचली म्हणून. मास्तर सगळ्यात दणकट. त्याचं डोकं दुपारपासून दुखत होतं, पण त्यानं सांगितलं नाही. रात्री खोकायला लागला. मी शेजारीच होतो. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही बे, धूळ गेली असन. झोप तू." मी झोपलो. पहाटे तो बसल्या जागी धापा टाकत होता, ओठ निळे पडले होते. खाली नेता नेता वाटेत गेला. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या उंचीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ करू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागला, खोकला थांबेना, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरवा. रात्र असली तरी. दणकट माणसाला होत नाही असं काही नसतं, उलट तोच लपवतो. ज्या आयोजकाच्या कार्यक्रमात थांब्याचा दिवस नाही त्याच्याबरोबर जाऊ नका, पैसे बुडाले तरी चालतील.

निघताना मास्तरच्या आईनं मुलाला माझ्या हवाली केलं तेव्हा मी त्याला एकच अट घातली होती, काही झालं की लगेच सांगायचं. परतताना चढावर तो मागं राहिला. मग आवाज आला, "काका, थांबा ना. पोटात दुखून रायलं." तिघंही जागच्या जागी थांबलो. पिशव्या उतरवल्या, त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं. अर्धा तास गेला. ऊन कलायला लागलं होतं, तरी कोणी घड्याळ पाहिलं नाही. त्यानं स्वतःच "चला" म्हटल्यावर आम्ही उठलो.